वाचकांचे प्रश्न : बातुरचा ज्वालामुखी आणि पायथ्याचे गरम पाणी

गेल्या अंकात इंडोनेशियातील बाली बेटावरील बातुर या जागृत ज्वालामुखीची आणि त्याच्या पायथ्याशी, बातुर सरोवराच्या काठी वसलेल्या तोया बुंगकाह या गावातील गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळख करून दिली होती. १७१७ मीटर उंचीच्या या डोंगरावर पहाटे चढून जावे आणि खाली उतरल्यावर झऱ्यांच्या पाण्यावर बांधलेल्या कुंडांत बसावे, असा तेथे जाणाऱ्या प्रवाशांचा रिवाज आहे. त्यावर बडोद्याच्या वाचकांची बरीच पत्रे आली असून त्यांपैकी काही येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे मात्र सविस्तर दिली आहेत, कारण डोंगर आणि गरम पाणी एकाच दिवशी अंगावर घेताना शरीराचे काय होते, याकडे सहलींच्या माहितीपत्रकांत क्वचितच लक्ष दिलेले असते.

प्रश्न : आम्ही घरातील पाच जण मे महिन्यात बालीला जाणार आहोत. सहल आखणाऱ्याने दिलेल्या कार्यक्रमानुसार सायंकाळी विमानतळावर उतरायचे, त्याच रात्री दोन वाजता उठून बातुर चढायचा आणि सकाळी खाली आल्यावर थेट गरम पाण्याच्या कुंडात उतरून दुपारच्या जेवणापर्यंत तेथेच थांबायचे आहे. माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांचा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. अण्णा पावागड आजही पायऱ्यांनी चढतात आणि बातुरवर येण्याचा त्यांचा आग्रह आहे. हा कार्यक्रम योग्य आहे का, आणि अण्णांना वर न्यावे का? (एक वाचक, कारेलीबाग)

उत्तर : कार्यक्रम आखणाऱ्याने गोष्टी योग्य निवडल्या आहेत, पण त्यांच्या वेळा चुकीच्या लावल्या आहेत. बालीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. तेथे रात्री दोन वाजता उठायचे म्हणजे बडोद्याहून गेलेल्या शरीराने साडेअकराला, नुकता डोळा लागत असताना, उठायचे. त्यात आधीचा दिवस विमानात आणि विमानतळांवर बसून गेलेला असतो, शिवाय विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आणि बातुर वर डोंगरात असल्यामुळे मोटारीचा सुमारे दोन तासांचा प्रवास वेगळाच. असे झोपमोड झालेले शरीर अंधारात सुट्या दगडांवर चालवणे आम्हाला मुळीच पसंत नाही. एक दिवस वाढवावा आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सरोवराकाठच्या विश्रामस्थळी पोहोचावे. संध्याकाळी दहा मिनिटे कुंडात बसून हलके जेवण घ्यावे, आठ वाजता अंथरुणाला पाठ टेकावी आणि डोंगर दुसऱ्या पहाटेसाठी ठेवावा. पायथ्याशी मुक्काम करण्याचा खरा फायदा हाच आहे की समुद्रकिनाऱ्याच्या हॉटेलातून मध्यरात्री निघणारे प्रवासी गाडीत पेंगत असतात, तेव्हा आपण अंथरुणात असतो.

आता चढाईविषयी. वाट साधारणतः पहाटे चारच्या सुमारास धरली जाते आणि माथ्यावर पोहोचायला दोन तास लागतात. सरोवराची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे १०३० मीटरवर असल्याने प्रत्यक्ष चढ सहाशे ते साडेसहाशे मीटरचा, म्हणजे पावागड पायथ्यापासून चढून जाण्याइतकाच, पडतो. माथ्याची उंची आबूच्या गुरुशिखराएवढी असल्यामुळे विरळ हवेचा त्रास होण्याचे कारण नाही. अडचण उंचीची नसून पायाखालच्या जमिनीची आहे. सुरुवातीला कांद्या-टोमॅटोच्या वाफ्यांमधून आणि झाडीतून जाणारी वाट सोपी असते, मग लाव्हाचे खडबडीत कातळ लागतात, आणि शेवटच्या टप्प्यात निव्वळ घसारा असतो. ज्वालामुखीने उडवलेल्या, मुठीत मावतील अशा हलक्या, भोकाभोकांच्या काळ्या खड्यांची ही रास आहे. पाऊल टाकले की खडे घोट्यापर्यंत सरकतात आणि टाकलेल्या पावलातले निम्मे पाऊल मागे येते. चढताना त्याने दम लागतो, पण खरी परीक्षा उतरताना होते, कारण तेव्हा सगळा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतो व आधाराला धरावे असे काही हाताशी नसते.

अण्णा पावागड चढतात याचा अर्थ त्यांचे हृदय, फुफ्फुसे आणि मांड्यांचे स्नायू चांगल्या स्थितीत आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. तथापि पायऱ्या एकसारख्या आणि घट्ट असतात, त्यामुळे घोट्यांची ताकद आणि तोल यांचा कस तेथे लागत नाही. जाण्यापूर्वी महिनाभर त्यांना पायऱ्यांऐवजी जांबुघोड्याच्या बाजूच्या कच्च्या, मुरमाड वाटांवर न्यावे आणि चढण्यापेक्षा उतरताना त्यांच्याकडे लक्ष द्यावे. सुट्या दगडांच्या उतारावर अर्धा-पाऊण तास कोणाचा हात न धरता ते सहज उतरू शकले, आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, तरच त्यांच्या आग्रहाचा विचार करावा. तरीही आमचे स्पष्ट मत असे आहे की अण्णांनी अंधारातील चढाई करू नये. सूर्योदयाच्या आधी त्या अरुंद वाटेवर विजेऱ्यांची रांग लागलेली असते, पुढचा थांबला की मागचा घसाऱ्यावर तोल सावरत ताटकळतो, आणि तरुण मंडळींची घाई वयस्कर माणसाला नकळत स्वतःच्या चालीपेक्षा भरभर चालायला लावते. वाटाड्याशी आधी बोलून उजाडल्यावर निघावे. सूर्योदय हुकेल, पण पाऊल कोठे पडते आहे ते दिसेल. ढग बहुधा सकाळ सरता सरता दाटतात, त्यामुळे माथ्यावरून सरोवर आणि पलीकडचा आगुंग पर्वत दिसण्याची संधीही जात नाही. हेही नको असेल, तर मोटारीने १९६३ च्या उद्रेकातील काळ्या लाव्हाच्या मैदानापर्यंत जाता येते. गोठलेल्या लाव्हाचे कंगोरे अजून इतके तीक्ष्ण आहेत की चपलेचा तळ फाटावा, आणि त्यांच्या भेगांतून नेच्याची कोवळी पाने वर येताना दिसतात. आमच्या मते या मैदानावर तासभर हिंडणे माथा गाठण्याइतकेच मोलाचे आहे.

चढाईसाठी तेथील स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो आणि तो घ्यावाही. दर आधी ठरवून लिहून घ्यावा, आणि आपल्या पाच जणांसाठी एकाऐवजी दोन वाटाडे मागावेत, म्हणजे कोणी अर्ध्यातून परतले तर बाकीच्यांना परतावे लागणार नाही. डोक्याला बांधायची विजेरी, घोटा झाकणारे बूट, काठी आणि उतरताना खरचटू नये म्हणून हातमोजे आवश्यक आहेत. माथ्यावर पहाटे वारा असतो आणि घामाने भिजलेल्या अंगाला तो चांगलाच झोंबतो, तेव्हा बडोद्यात जानेवारीच्या पहाटे घालतो तेवढे कपडे पिशवीत असावेत.

राहिला गरम पाण्याचा प्रश्न, आणि पत्रातील कार्यक्रमात सर्वांत मोठी चूक येथेच आहे. उतरून आलेल्या माणसाच्या शरीरातील पाणी आणि मीठ घामावाटे गेलेले असते. अशा वेळी गरम पाण्यात बसले की त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडे वळते आणि रक्तदाब उतरतो. पाण्यात असताना हे जाणवत नाही, कारण पाण्याचा दाब शरीराला सावरून धरतो. माणूस एकदम उभा राहतो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या फरशीवर तो कोसळतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, त्यातही लघवीवाटे पाणी काढून टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना, हा धोका अधिक असतो. म्हणून उतरल्यावर प्रथम मीठ-साखरेचे पाणी घ्यावे, न्याहारी करावी आणि तासभर सावलीत बसावे. त्यानंतर ३८ ते ४० अंशांच्या कुंडात आधी पाय, मग कमरेपर्यंत, असे हळूहळू उतरावे, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर यावे, काठावर दोन मिनिटे बसून राहावे आणि मगच उठावे. पुन्हा बसायचे असल्यास मध्ये विश्रांती घेऊन पाणी प्यावे. दुपारच्या जेवणापर्यंत सलग पाण्यात राहणे तरुणांनाही हितावह नाही. अण्णा पाण्यात असतील तेव्हा घरातील कोणीतरी त्यांच्याजवळ असावे, आणि गोळीच्या वेळेत काही बदल करायचा का हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. डोंगरावर कोणाचा पाय मुरगळला असेल तर त्याने तो पाय दोन दिवस गरम पाण्यात घालू नये, कारण उष्णतेने सूज वाढते. अशा दुखापतीला बर्फाचा शेक द्यावा.

प्रश्न : मी २३ वर्षांची असून मैत्रिणींबरोबर बातुरला जाऊ इच्छिते. जागृत ज्वालामुखीवर पाय ठेवणे म्हणजे जीवाशी खेळ, असे आई-बाबांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगू? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : त्यांची काळजी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. बातुरच्या उद्रेकांच्या नोंदी १८०४ पासून आहेत आणि त्यांची संख्या वीसहून अधिक आहे. १९२६ मध्ये लाव्हाने पायथ्याचे बातुर गाव आणि तेथील उलुन दानू हे सरोवरदेवतेचे मंदिर गाडले गेले, तेव्हा गावकऱ्यांनी मंदिराची पुन्हा उभारणी वर, डोंगराभोवतीच्या मोठ्या खळग्याच्या कड्यावर केली आणि ते आजही तेथे आहे. शेवटचा उद्रेक २००० मध्ये झाला. डोंगर सध्या शांत असला तरी निवालेला नाही, कारण माथ्यावरील भेगांतून वाफ येत असते. वाटाडे त्या वाफेवर अंडी उकडून देतात. हात जवळ नेला तर क्षणात ओला होतो आणि आणखी जवळ नेला तर भाजतो.

तथापि जीवाशी खेळ हा शब्द अशा माणसासाठी राखून ठेवावा, जो सूचना न वाचता जातो. इंडोनेशियात ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा प्रत्येक डोंगराची अवस्था चार पातळ्यांवर जाहीर करते. पहिली सामान्य, दुसरी सावधगिरीची, तिसरी सज्जतेची आणि चौथी सर्वोच्च धोक्याची. ही माहिती सर्वांना पाहता येते आणि ती निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज पाहावी. पातळी पहिलीच असेल तरच जायचे आणि दुसरी झाली तर डोंगर सोडून द्यायचा, असा नियम आई-बाबांसमोर स्वतःहून ठेवावा. दुसऱ्या पातळीचा अर्थ काय हे सुमात्रा बेटावरील मारापी पर्वताने ३ डिसेंबर २०२३ रोजी दाखवून दिले. तेथे दुसरी पातळी लागू होती आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचना होती, तरीही गिर्यारोहक वर होते, आणि अचानक झालेल्या उद्रेकात त्यांच्यापैकी वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

दुसरे उदाहरण याहून अधिक विचार करायला लावणारे आहे. जपानमधील ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी दुपारच्या सुमारास, माथा माणसांनी गजबजलेला असताना उद्रेक झाला आणि ६३ जण मृत्युमुखी पडले वा बेपत्ता झाले. त्या दिवशी पातळी सर्वांत खालची होती. हा उद्रेक ताज्या लाव्हाचा नव्हता. जमिनीखालील पाणी उष्णतेने एकाएकी वाफ होऊन फुटले होते, आणि अशा वाफेच्या स्फोटांना पूर्वसूचना फार थोडी मिळते. म्हणजेच पहिली पातळी ही हमी नसते, ती केवळ शक्यता कमी असल्याची खूण असते. यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. माथ्यावर सूर्योदय पाहावा, छायाचित्रे घ्यावीत, विवराच्या कडेने थोडे फिरावे आणि उतरायला लागावे. विवराच्या तोंडाशी तासन्‌तास रेंगाळू नये आणि कड्याच्या आत उतरण्याचा मोह कोणी कितीही गळ घातली तरी टाळावा.

वायूंविषयीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असून वारा नसताना खळग्यांत साचतो आणि त्याला वास नसतो, म्हणून विवरातील खोलगट जागी बसून विश्रांती घेऊ नये. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांसारखा वास असतो, परंतु त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होऊन वास येणे थांबते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणे घातक ठरते. कोणाला दमा असेल तर तिने पंप खिशात ठेवावा, पिशवीच्या तळाशी नव्हे. बातुरबरोबर पूर्व जावातील इजेन पर्वतावर निळ्या ज्वाळा पाहण्याचा बेत अनेक जण जोडून देतात. तेथील गंधकाचा धूर बातुरच्या कितीतरी पट तिखट असतो आणि वायूरोधक मुखवट्याशिवाय तेथे जाऊ नये. दमा असणाऱ्यांनी इजेन वगळावा.

प्रश्न : गोध्र्याजवळच्या टुव्याला आणि वांसद्याजवळच्या उनाईला आम्ही लहानपणापासून गरम पाण्याच्या कुंडांवर जात आलो. तेथे तर ज्वालामुखी नाही. मग पाणी तापते कसे? आणि पावागड हा विझलेला ज्वालामुखी आहे, असे ऐकतो ते खरे का? (एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार)

उत्तर : गरम झरा असण्यासाठी शेजारी ज्वालामुखी असावाच लागतो असे नाही. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतसे तापमान साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढते. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून दीड-दोन किलोमीटर खोल मुरले तर तेथील उष्णतेने ते तापते, आणि वर येण्यास दुसरी सरळ भेग मिळाली तर थंड होण्याच्या आत जमिनीबाहेर येते. टुव्याचा परिसर अतिप्राचीन ग्रॅनाइटचा आहे आणि अशा कठीण खडकात पाणी फिरते ते केवळ भेगांतून. त्याच्या पश्चिमेला खंभातचे खोरे आहे, जेथे भूकवच ताणले जाऊन खचले असून जमिनीखालील तापमान सरासरीपेक्षा अधिक वेगाने वाढते. खेडा जिल्ह्यातील लसुंद्र्याचे झरे, तसेच महाराष्ट्रातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, तुरळ आणि राजापूरपर्यंत पसरलेली झऱ्यांची रांग, यांनाही भेगांवाटे खोलवर फिरून आलेल्या पाण्याचेच उदाहरण समजावे.

बातुरची गोष्ट निराळी. तेथे भारत-ऑस्ट्रेलियाचे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, इंडोनेशियाखाली सरकत जाते. खाली गेलेल्या खडकातून सुटणारे पाणी वरच्या तप्त खडकाचा वितळण्याचा बिंदू खाली आणते आणि शिलारस तयार होतो. हा शिलारस उथळ खोलीवर साठल्यामुळे सरोवराचे पाणी मुरून फार खोल न जाताच तापते. ज्या उष्णतेने डोंगर रचला, तीच उष्णता पायथ्याचे कुंड तापवते. हा डोंगरही एका फार मोठ्या खळग्याच्या मध्यभागी उभा आहे. सुमारे २९,००० वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकात जुना पर्वत रिता होऊन खचला, त्याच्या आत सुमारे २०,००० वर्षांपूर्वी दुसरा खळगा तयार झाला, आणि आजचा बातुर त्यानंतर मधोमध वाढला. सरोवर या खळग्याच्या आग्नेय बाजूला साठले आहे. बाहेरच्या खळग्याची लांबी तेरा-चौदा किलोमीटर आहे. पेनेलोकान येथील कड्यावर उभे राहून पाहिले की शेते, गावे, सरोवर आणि डोंगर यांसह सगळे दृश्य एका जुन्या ज्वालामुखीच्या पोटात वसलेले आहे, हे ध्यानात येते. भूगोल शिकवलेल्या माणसाने तेथे अवश्य जावे.

पावागडाविषयी आपण ऐकले ते अर्धे खरे आहे. त्याचा खडक ज्वालामुखीतूनच आलेला आहे, मात्र आज दिसणारा डोंगर हा ज्वालामुखीचा शंकू नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूभागावर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांपैकी आजूबाजूचे झिजून गेले आणि पावागडाचा हा भाग उरला. त्याचे वैशिष्ट्य त्याच्या माथ्यात आहे. खालचे थर दख्खनच्या नेहमीच्या काळ्या बेसॉल्टचे आहेत, तर वरच्या भागात ऱ्हायोलाइट हा सिलिका अधिक असलेला, फिकट रंगाचा खडक आढळतो. असा लाव्हा घट्ट असतो आणि फार दूर वाहत नाही, म्हणून त्याचे उगमस्थान जवळपासच असावे असे मानण्यास आधार आहे. बातुरला गेलात तर तेथील काळ्या लाव्हाची मोकळी छिद्रे पाहावीत आणि परत आल्यावर दख्खनच्या बेसॉल्टमधील छिद्रे पाहावीत. आपल्याकडे ती बहुतेक पांढऱ्या खनिजांनी भरून गेलेली दिसतात, कारण कोट्यवधी वर्षे त्यांतून पाणी झिरपले. बातुरच्या खडकाला तेवढा काळ मिळालेला नाही. भारतात आज जागृत असलेला ज्वालामुखी एकच, अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर, आणि तेथे चढाईला परवानगी नसते.

प्रश्न : गरम पाण्याच्या कुंडात उतरताना मंगळसूत्र आणि जोडवी काढावी लागतात का? सासूबाई साडीशिवाय पाण्यात उतरणार नाहीत. या पाण्याने त्यांची गुडघेदुखी बरी होईल असे कोणीतरी सांगितले आहे. (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : जोडवी, पैंजण आणि चांदीचे जे काही असेल ते खोलीतच ठेवावे. ज्वालामुखीजवळच्या पाण्यात आणि वाफेत गंधकाची संयुगे असू शकतात आणि त्यांच्या संपर्काने चांदीवर काळी पुटे चढतात. जोडवी काढायची नसतील तर ती काळी पडली म्हणून घाबरू नये. एका भांड्यात अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद पसरून त्यावर ती ठेवावीत, खाण्याचा सोडा टाकून वर कढत पाणी ओतावे, म्हणजे काही मिनिटांत काळेपणा उतरतो. सोन्याच्या वाट्यांना गंधकाने असे होत नाही, परंतु मंगळसूत्राचा दोरा ओला राहून कुजतो आणि पाण्यात तो तुटला तर मणी शोधणे अवघड जाते, म्हणून तेही काढून ठेवलेले बरे.

साडीविषयी सांगायचे तर विश्रामस्थळांच्या कुंडांत बहुधा पोहण्याचेच कपडे घालू देतात. पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे असे पोशाख बडोद्यातही मिळतात. ते सासूबाईंना निघण्यापूर्वी घरी घालून पाहायला द्यावेत, म्हणजे परक्या ठिकाणी संकोच होणार नाही. तरीही त्यांना पटले नाही तर आग्रह करू नये. साडी पोटरीपर्यंत वर घेऊन कुंडाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडले तरी पायांना ऊब मिळते, आणि त्यांच्या वयाला तेच अधिक सुरक्षित आहे.

गुडघेदुखी बरी होण्याची आशा मात्र बाळगू नये. कोमट-गरम पाण्यात स्नायू सैल होतात, शरीराचा भार पाण्यावर तोलला जातो आणि आखडलेल्या सांध्याला काही काळ आराम पडतो. हा आराम खरा असला तरी झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाय पाण्यात सोडण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी हाताने पाणी पाहावे, कारण अशा पायांना भाजल्याचे कळत नाही. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तापलेल्या कुंडात बसू नये. आणि लहान-थोर सर्वांनी डोके पाण्याबाहेर ठेवावे. उबदार गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा वाढू शकतो आणि तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर बहुधा प्राणघातक ठरतो. केरळात अशा रुग्णांची नोंद झालेली आहे. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, परंतु मुलांना सूर मारू न देणे आणि नाकात पाणी जाऊ न देणे इतके साधे पथ्य पाळले की पुरते.

प्रश्न : उन्हाळ्याची सुटी, दिवाळी की गुढीपाडवा, यांपैकी कोणता काळ निवडावा? (एक वाचक, सयाजीगंज)

उत्तर : मे महिना. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ असतो, घसारा ओला नसतो आणि पहाटेचे आकाश स्वच्छ मिळण्याची शक्यता अधिक असते. दिवाळी उशिरा आली तर तेथे पावसाची सुरुवात होत असते, आणि ओल्या लाव्हाच्या कातळावर बूटही घसरतो. भारतीय पारपत्र असणाऱ्यांना तेथे उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, त्याचे शुल्क पाच लाख इंडोनेशियन रुपिया आहे, आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपियांचा वेगळा करही घेतला जातो. प्रवासविमा उतरवताना त्यात डोंगर चढण्यातील अपघात आणि राखेमुळे रद्द झालेली विमाने यांचा अंतर्भाव आहे का, हे वाचून घ्यावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेजारच्या आगुंग पर्वताच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता.

पाडव्याच्या सुमारास जायचे ठरवलेच, तर आधी नेपीची तारीख पाहावी. बालीतील हिंदू शक संवताप्रमाणे नवे वर्ष मौन पाळून साजरे करतात आणि तो दिवस अनेकदा आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. २०२५ मध्ये नेपी २९ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला होता. अधिक मासाच्या गणितामुळे एखाद्या वर्षी दोहोंत महिन्याचा फरकही पडतो, म्हणून आपले पंचांग पाहून अंदाज बांधू नये. त्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद असतो, रस्त्यावर कोणालाही येऊ देत नाहीत, रात्री दिवे मंद ठेवतात आणि डोंगराची वाटही बंद असते. पाहुण्यांना आपल्या विश्रामस्थळाच्या आवारातच राहावे लागते, तेव्हा येण्याचा, परतण्याचा आणि चढाईचा दिवस त्या तारखेला येणार नाही अशा बेताने तिकिटे काढावीत.